घरात दोन कँडिडेट

२ डिसेंबर १९६३, सोमवार

माय कँडिडेट झाली!

झालीच. आज पुसदला कचेरीत जाऊन अर्ज भरून आली. ग्रामपंचायतीत आमच्या वॉर्डातली बायकांची जागा. मी सोबत होते म्हणून खरं वाटतं. दुसऱ्या कोणी येऊन सांगितलं असतं तर मी तोंडावर हसले असते.

कचेरीतल्या बाबूनं वर न बघताच विचारलं, "कँडिडेट कोण?" मी म्हटलं, ही, माझी माय. मग त्यानं मान वर केली. मायला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "सही की अंगठा?" माय म्हणाली, "सही!" अन् केली. वेळ लागला, पण केली. तुळसाबाई बळीराम मनवर. एकही अक्षर खाल्लं नाही. बाबू टेबलावर टाक वाजवत बसला होता. वाजव म्हटलं, तुझाच टाक आहे.

परत येताना मायनं विचारलं, "त्यानं मले काय म्हटलं व?"

"कँडिडेट. म्हणजे उमेदवार."

"मंग उमेदवार काहून नाही म्हटलं?" थोडं चालली अन् म्हणाली, "पण हा शब्द वजनदार आहे." नाल्यापर्यंत घोकत आली. कँडिडेट, कँडिडेट. रस्त्यात भेटेल त्याला सांगत होती. एका म्हशीलाही सांगितलं.

उभी का राहिली, तर रपट्यासाठी. पावसाळ्यात नाला भरला की आमची वस्ती अन् पुढचा बंजाऱ्यांचा तांडा चार-चार दिवस गावापासून तुटतो. मागच्या पंचायतीनं नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, बांधायचं ठरवलं. बांधला पण! कुठं? तर देशमुखांच्या वावराच्या वाटेवर! माणसं वाहून गेली तरी चालतील, देशमुखांच्या बैलांचे खूर कोरडे राहायला पाहिजेत. यंदा श्रावणात उकंडाकाकाच्या सुनेला बाजेवर टाकून दवाखान्यात नेत होते. नाल्यापाशीच अडकले. भर पावसात, बाजेवरच ती बाळंत झाली. माय होती म्हणून दोघं जगले. त्या दिवशी ओल्या लुगड्यानं घरात येऊन माय म्हणाली होती, "आता पंचायतीत मीच जाऊन बसते." आम्हाला वाटलं, रागात आहे, बोलते. राग चार महिने टिकला बाप्पा!

३ डिसेंबर, मंगळवार

भांडी मी घासली. कँडिडेट भांडी घासत नसतात म्हणे.

५ डिसेंबर, गुरुवार

माझाही फॉर्म आला, मॅट्रिकचा. मार्चमध्ये पुन्हा बसायचं आहे. मागच्या साली इंग्रजीत सात मार्कांनी गेले. सात! एवढे तर परीक्षकाच्या बोटाला चिकटून राहिले असतील.

फॉर्मवर तोच शब्द. कँडिडेटनं शाईनंच लिहावं. कँडिडेटनं उत्तरपत्रिकेवर नाव लिहू नये. कँडिडेटनं शेजारी बघू नये. म्हणजे घरात आता दोन कँडिडेट झाले. एकीनं दारोदार नाव सांगत फिरायचं, दुसरीनं नावही लिहायचं नाही. मायला हे सांगितलं तर म्हणाली, "मंग तुहापेक्षा मी मोठी कँडिडेट."

ही वही विमलताईंनी दिलेली. त्या पुसदच्या हायस्कुलात शिकवतात. दर शनिवारी मी त्यांच्या घरी इंग्रजीला जाते. वही देताना म्हणाल्या, "प्रभावती, रोज दहा ओळी इंग्रजीत लिहायच्या. मनात येईल ते." ताई, क्षमा करा. इंग्रजीत मला राग येत नाही, अन् राग आल्याशिवाय मला लिहिता येत नाही.

७ डिसेंबर, शनिवार

आज इतकी हसले की ताईंच्या हातातला चहा सांडला!

ताईंचे सासरे कोर्टात होते. त्यांचा शब्दकोश घरात आहे. उचलायला दोन हात लागतात. मी म्हटलं, ताई, हा कँडिडेट शब्द आला तरी कुठून? दोघींनी मिळून पान काढलं. तर म्हणे दोन हजार वर्षांपूर्वी रोम शहरात निवडणुकीला उभा राहणारा माणूस पांढराशुभ्र कपडा पांघरून चौकात फिरायचा. लॅटिनमध्ये त्या शुभ्र रंगाला 'कँडिडस' म्हणायचे. म्हणून तो कँडिडेट. पांढऱ्या कपड्यातला. बस! एवढाच अर्थ.

अन् खरी गंमत पुढंच. कपडा आणखी पांढरा दिसावा म्हणून ते त्याला खडू चोळायचे! मी म्हटलं, ताई, म्हणजे पुढारी दोन हजार वर्षांपासून चुनाच लावून राहिले! ताई शिकवताना कधी हसत नाहीत. आज चहा सांडला.

घरी येताना वाटेत सगळे पुढारी आठवून पाहिले. पांढरंच नेसतात की हो मेले! त्यांना कोणी सांगितलं असेल रोमचं?

८ डिसेंबर, रविवार

बाबा आले. पुसदच्या जिनिंगात कापसाच्या गठाणी बांधतात, आठवडाभर तिथंच राहतात, शनिवारी रात्रपाळी करून रविवारी सकाळी सायकलवर घरी. मिशीत कापूस. माय म्हणते, "लग्न केलं तवा काळा होता, आता घरी येते तवा म्हातारा दिसते, आंघोळ केली की पुन्हा जवान होते."

मी रोमची गोष्ट सांगितली. बाबा म्हणाले, "खडू कायले? मले पाठवा. मी रोजच पांढरा असतो." मग दिवसभर त्यांचं तेच चाललं. कँडिडेटबाई, भाकर देता काय? कँडिडेटबाई, गंजी कुठं ठेवली? माय आधी हसली, मग चिडली, मग उठून आत गेली.

पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तर हातात दीक्षेचं लुगडं. छप्पन साली नागपूरला जाताना घेतलेलं. पांढरंशुभ्र. वर्षातून दोनदाच निघतं, दीक्षेच्या दिवशी अन् बुद्धजयंतीला. तेव्हा मी बारा वर्षांची होते. चालून चालून माझे पाय सोलले होते, अन् रस्त्यानं जिकडे पाहावं तिकडे पांढरी माणसं. पराटीत कापसाची बोंडं फुटतात ना, तसं.

माय म्हणाली, "मी हेच नेसून फिरन. रोमवाल्याइले खडू लागत असन. आपल्याले नाही लागत."

बाबा चेष्टा करायचे थांबले. उठले अन् लुगड्याची एक बाजू धरून उन्हात वाळत घालायला मदत केली. मला उगाच रडू आलं. कांद्याचं निमित्त केलं.

११ डिसेंबर, बुधवार

आज तांड्यावर गेलो. तिथली बावन्न मतं. आमच्या वस्तीची सगळी धरली तरी देशमुखांना हरवायला पुरत नाहीत. तांडा जिकडे, जागा तिकडे. समोरून देशमुखांच्या घरातली इंदूबाई उभी आहे. म्हणजे उभी केली आहे.

माय पांढऱ्या लुगड्यात. कपाळ मोकळं. दीक्षेपासून कुंकू नाहीच. तांड्याच्या नायकाच्या, भीमसिंगच्या दारापुढं खाटेवर बसून तिनं रपट्याचं सगळं सांगितलं. बाज, पाऊस, बाळंतपण. भीमसिंग नुसता ऐकत होता. हो नाही, नाही नाही. माणूस आहे का दगड?

तेवढ्यात त्याची बायको लालीबाई मला ताक द्यायला म्हणून बाजूला घेऊन गेली. आरशांची चोळी, कोपरापर्यंत बांगड्या, डोळे असे की आरशांपेक्षा जास्त चमकतात. हळूच म्हणाली, "छोरी, याडी पांढऱ्यात. बाप कधी मेला तुहा?"

मला आधी कळलंच नाही. याडी म्हणजे आई, एवढं माहीत होतं. मग कळलं! गावात पांढरं नेसते ती विधवा. तांड्यातल्या लोकांना आमचं काय माहीत? दूर राहतात, आपल्याआपल्यात राहतात. लुगडं पाहिलं, कपाळ पाहिलं, अन् बाबांना मारून मोकळे.

मी म्हणायला पाहिजे होतं, अवो बाई, बाप मस्त जिता आहे, जिनिंगात मिशी पांढरी करून राह्यला. तोंडाशी आलंही होतं. पण लालीबाई म्हणाली, "बिचारी! एकट्या बाईले मत नाही देनार तं कोनाले देनार?"

बावन्न!

मी खाली पाहिलं. ताकाच्या लोट्यात. बराच वेळ पाहिलं. एवढंच.

एकही शब्द खोटा बोलले नाही. एक अक्षर नाही. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं होतं का? तसं असेल तर आमच्या शाळेतली सगळी मुलं खोटारडी.

१२ डिसेंबर, गुरुवार

बाबा जिवंत आहेत. लिहून ठेवलेलं बरं.

१४ डिसेंबर, शनिवार

ताईंना या शब्दाचं आता वेडच लागलं आहे. आठवडाभर शब्दकोश घेऊन बसल्या होत्या. त्याचा सगळा गोतावळा काढून ठेवला. इंग्रजीतली कँडल म्हणजे मेणबत्ती, ती त्याच घरची. आपला कंदील, तोही अरबस्तानातून फिरत फिरत आला, पण मूळ घर तेच. अन् आपला चंद्रसुद्धा त्यांचा लांबचा भाऊबंद लागतो म्हणे. मला तर एखाद्या लग्नात बसल्यासारखं वाटलं. हा कोण, तो कोणाचा, ती कुठं दिली.

मग म्हणाल्या, "आणि सख्खा भाऊ राहिलाच. कँडिड. स्वच्छ मनाचा. आडपडदा न ठेवता खरं बोलणारा."

मी विचारलं, "ताई, कँडिडेट कँडिड नसला तर?"

ताई म्हणाल्या, "बहुतेक नसतातच."

"अन् कँडिडेट कँडिड असला, पण त्याच्या घरचं कोणी नसलं तर?"

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी घाईघाईनं म्हटलं, उमेदवार कुठून आला ते सांगा. तो फारसीतून. उमेद असलेला, आशेवर असलेला. ताई म्हणाल्या, लॅटिननं त्याचे कपडे पाहिले, फारसीनं त्याचं मन पाहिलं. एरवी मी हे वहीत दोनदा लिहिलं असतं. आज मला लवकर घरी जावंसं वाटलं. पोटात दुखतं म्हणाले.

खाई त्याला खवखवे.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज माय कुठं गेली असेल? देशमुखांच्या दारात! मत मागायला! मी म्हटलं, माय, ते समोरचे आहेत. म्हणाली, "कँडिडेटनं समद्याइच्या दारी जाचं असते. नाही म्हनाचं काम त्याइचं, इचाराचं काम माहं."

अंगणात उभी राहिली. देशमुख घरी नव्हते. इंदूबाई स्वतः बाहेर आली. इकडे तिकडे पाहिलं अन् हलक्या आवाजात म्हणाली, "तुळसाबाई, मी तुम्हालाच मत देणार आहे. मला त्या बैठकांना नका पाठवू. घरातल्या बैठकांचाच चहा करून मी मेले. फक्त घरी कळू देऊ नका."

वाटेत माय पोट धरून हसली. समोरची कँडिडेटच आपल्या बाजूला! मग मलाच म्हणाली, "तू काहून नाही हसून राह्यली?"

२२ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहू कसं? हसू येतं अन् लगेच तोंड लपवावंसं वाटतं.

बाबा अंगणात उन्हात बसून दाढी करत होते. अर्धा गाल झालेला, अर्ध्यावर साबण. माय पराटीचा भारा आणायला वावरात गेलेली. तांड्याच्या वाटेनं सात बाया आल्या. पुढं लालीबाई. सगळ्यांचे पदर तोंडावर. आल्या, अंगणात गोल करून बसल्या, अन् एकदम सुरात रडायला लागल्या!

मी दाराच्या आड.

बाबांना वाटलं, वस्तीत कोणीतरी गेलं. भला माणूस! वस्तरा खाली ठेवला, टोपी काढली, अन् अर्ध्या साबणानं त्या बायांशेजारी जाऊन मान खाली घालून बसले. थोडा वेळ दुःख केलं. मग हळूच लालीबाईला विचारलं, "कोण गेलं वो?"

"या घरचा बाप."

"माहा बाप? त्याले तं बारा वर्षं झाले."

"नाही. बळीराम."

बाबांनी जरा विचार केला. "बळीराम तं मीच आहे."

सगळ्या गप्प. एक तरणी बाई मागं बसली होती, तिला ऐकू गेलं नसावं, ती तशीच रडत राहिली. शेजारणीनं कोपर मारलं तेव्हा थांबली.

लालीबाईनं पदर वर केला. "मंग मेलं कोण?"

"मले काय इचारून राह्यली?" बाबा म्हणाले. "मी तं दाढी करून राह्यलो!"

तेवढ्यात डोक्यावर भारा घेऊन माय आली. भारा टाकला. लालीबाईनं सांगितलं, बाई, तू पांढऱ्यात आली, आम्हाला वाटलं... माय आधी लाल झाली, मग हसायला लागली, मग एकदम थांबली. "अन् तुमाले सांगतलं कोनं?"

लालीबाईनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मला वाटलं, संपलं! पण म्हणाली, "कोनं नाही. लुगडं पाह्यलं, आमचं आमीच समजलो."

मी खाली पाहिलं. खाली बघायची सवयच लागली आहे मला.

मायनं सगळ्यांना गुळाचा चहा दिला. मरणाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून त्यांनी भाकरी अन् चटणी बांधून आणली होती. परत न्यायला लागल्या तर बाबांनी नेऊ दिली नाही. "माह्या नावाच्या आहेत," म्हणाले अन् बसून चार खाल्ल्या. आपल्याच मरणाच्या भाकरी खाणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

बाया गेल्यावर माय म्हणाली, "उद्या तांड्यावर जाचं. तुमी बी चला. समद्याइले दिसू द्या."

"मी काय बाजारातला बैल आहे का, दात दाखवाले?"

मी मध्येच बोलले. बोलायला नको होतं. म्हटलं, "माय, सातच बाया आल्या होत्या. बाकीच्या तांड्याला काय माहीत? मतदानाला चौदा दिवस राह्यले. गप राहू. मंग सांगू. बावन्न मतं आहेत माय!"

मायनं माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीला टेकले. "जित्या माणसाले मेला म्हणून मतं मागू? पोट्टे, रपटा झाला तं त्याच्यावरून दर रविवारी कोन येईन? हाच येईन ना सायकलवर! तवा काय सांगू, भूत आलं म्हणून?"

बाबांनी उरलेला अर्धा गाल केला. मग म्हणाले, "सकाळी किती वाजता निघाचं?"

२३ डिसेंबर, सोमवार

बाबांनी खाडा केला. धुतलेला सदरा घातला, मिशीला तेल लावलं. जिवंत दिसायला पाहिजे म्हणाले.

भीमसिंगच्या दारापुढं सगळा तांडा जमला. माय उभी राहिली. त्याच पांढऱ्या लुगड्यात, बदललं नाही. मी म्हटलं होतं, हिरवं नेस. म्हणाली, "काहून? चोरी केली काय लुगड्यानं?"

तिथं जे बोलली ते जसं आठवतं तसं लिहिते. "हा माहा नवरा, बळीराम. जिता आहे. जेवते, भांडते, घोरते. हे लुगडं धम्माचं आहे, दुःखाचं नाही. माह्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिस मी याच्यात पाह्यला. तुमचा गैरसमज झाला. चूक आमची. पहिल्याच दिशी सांगाले पाह्यजे होतं. आता मत द्या, नका देऊ, तुमची मर्जी. रपटा मातर तुमाले बी पाह्यजे अन् आमाले बी."

चूक आमची, म्हणाली. माझी होती! तिला ठाऊकच नव्हतं काय झालं ते, तरी पदरात घेतली. मी तिच्या मागं उभी. एक पाऊल पुढं येऊन सांगायचं होतं, बस. एरवी माझी जीभ कशी, उचलली की लावली टाळ्याला. आज उचलेना.

भीमसिंग म्हणाला, "बरं."

बरं! एवढंच! चार कोस पायपीट अन् एक खाडा, त्याचं एक 'बरं'.

परत येताना बाबा म्हणाले, "गेले बावन्न." माय म्हणाली, "जाऊ द्या." वाटेतल्या ओहळात थोडं पाणी होतं. बाबांनी मायला हात दिला. मला नाही दिला. म्हणजे मी मागं होते, त्यांच्या लक्षात आलं नसेल. पण मला लागलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

माय म्हणते, हरली तर पुन्हा उभी राहीन. बाबांचा निरोप आला, राहा, पण पुन्हा मला मारू नका.

१ जानेवारी १९६४, बुधवार

आज मायला सांगणार होते. सकाळी सांगणार होते, तेव्हा ती दळत होती. दुपारी सांगणार होते, तेव्हा झोपली. संध्याकाळी तिनं विचारलं, "काय व, दिसभर मांजरीवानी माह्या मागं मागं काहून फिरून राह्यली?" मी म्हटलं, काही नाही, मीठ कुठं आहे? मीठ समोरच होतं.

५ जानेवारी, रविवार

मतदान. मत एकविसाव्या वर्षी, मी एकोणीस वर्षांची, मला मत नाही. ज्यांना कँडिडेट म्हणजे काय ते माहीत नाही त्यांना मत, अन् रोमपर्यंत जाऊन आले त्या मला नाही!

बाबा सगळ्यांत आधी आत गेले. बाहेरपर्यंत ऐकू आलं, "बळीराम मनवर, जित्ता मतदार!" शाळेतले मास्तर, यादीवाला, शिपाई, सगळे हसले. गोष्ट गावभर झालेली आहे.

इंदूबाई नवऱ्याच्या मागं मागं आली. जाताना मायच्या जवळून गेली अन् पदर सावरल्यासारखं करून तिच्या हाताला हात लावला.

तांडा दुपारी आला. बैलबंड्या भरून आले, बाया नटूनथटून. लालीबाई आमच्यासमोरून गेली. मायला राम राम नाही, माझ्याकडे बघणंही नाही. मायनं डोक्यावरचा पदर नीट केला, दुसरीकडे पाहिलं. मला त्या वेळी मरून जावंसं वाटलं. खरंच. गंमत नाही.

६ जानेवारी, सोमवार

निवडून आली!! बारा मतांनी!!!

माय १३१, इंदूबाई ११९. तीनदा मोजली. तांड्याची किती पडली कोण सांगणार, पेटीतल्या मतांना आडनावं नसतात. पण तांड्याशिवाय १३१ कुठून येतील? उकंडाकाकानं वस्तीत गूळ वाटला. त्याची सून बाळाला कडेवर घेऊन आली, मायच्या पायावर घातलं त्याला. माय त्याला म्हणाली, "चाल, तुह्या नाल्यावर आता रपटा बांधू."

कचेरीतला तोच बाबू आला होता. या वेळी मान वर करून बोलला. "तुळसाबाई, आता तुम्ही सदस्य." मायनं मला विचारलं, "म्हणजे मी आता कँडिडेट नाही?" मी म्हटलं, नाही, ते निवडून येईपर्यंतच असतं. हिरमुसली. घरी येऊन लुगडं बदललं, पेटीत ठेवलं, अन् भांडी घासायला बसली. मी ओढून घेतली. तिनं पुन्हा ओढली. दोघींनी मिळून घासली.

१६ जानेवारी, गुरुवार

लालीबाई आली. टोपलीभर बोरं घेऊन. माय मागं परसात काठीनं तुरी झोडपत होती. मी म्हटलं, बोलावते. "राहू दे. तुह्यापाशीच काम आहे."

ओट्यावर बसली. म्हणाली, "छोरी, तुमच्या लोकाइनं दीक्षा घेतली त्याले सात वर्षं झाले. तुमच्या लग्नात नवरी पांढऱ्यात, नवरा पांढऱ्यात. तुहा बाप दर रविवारी सायकल घेऊन येते, बाजाराच्या वाटेवर आमाले दिसते. आमी काय डोळे बांधून राह्यतो तांड्यावर?"

मी विचारलं, "मंग त्या दिवशी ताक देताना..."

"पाहाले इचारलं. शिकली सवरली पोरगी काय बोलते ते."

"अन् रडाले आल्या ते?"

"ते बी पाहालेच. तुही माय काय करते ते." उठली. टोपली ओट्यावरच ठेवली. "बावन्नच्या बावन्न मतं तुह्या मायले देल्ले. तू उभी असती तं एक नसतं देल्लं."

ती गेली. परसात काठीचा आवाज चालूच होता. मी मागं गेले. म्हटलं, "माय, काठी ठेव जरा."